बोरघाटात गाडी हळू का जाते?

मुंबईहून पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबली की डब्यातली निम्मी माणसं वड्यासाठी खाली उतरतात. कागदात गुंडाळलेले गरम बटाटेवडे, सोबत लसणाची सुकी चटणी, आणि गाडी सुटायच्या आत परत जागेवर. या धावपळीत गाडीच्या शेपटाशी काय चाललंय तिकडे फारसं कोणी बघत नाही. शेवटच्या डब्यामागे विजेची इंजिनं सावकाश येऊन टेकतात, बहुधा दोन किंवा तीन. सगळ्या गाडीला एक हलका धक्का बसतो. रोजचे पासधारक वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणतात, "बँकर लागले."

मुलांना घेऊन हा प्रवास करायचा असेल तर शक्यतो मागच्या डब्यातली जागा घ्यावी असं मी सुचवेन. घाटातल्या वळणावर पुढची अर्धी गाडी खिडकीतून दिसते हे एक कारण झालंच. पण मुख्य म्हणजे ढकलणाऱ्या इंजिनांची घरघर तिथे पाठीशी ऐकू येते, आणि पुढचा पाऊण तास ही आगगाडी नेमकं काय करते आहे ते कळायला ती घरघर फार उपयोगी पडते.

कर्जत ते लोणावळा हे रुळावरचं अंतर २८ किलोमीटर, आणि तेवढ्यात गाडी साधारण ५५० मीटर उंची चढते. सर्वांत तीव्र चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. मोटारीला किंवा एसटीला हा चढ किरकोळ वाटेल. आगगाडीला तो अवघड का जातो, हे तिच्या चाकांवरून कळतं. पोलादी रुळावर पोलादी चाक फिरतं तेव्हा घर्षण फारच कमी असतं, आणि रेल्वेची सगळी काटकसर त्यातच आहे. सपाट रुळावर एक टन वजन सरकत ठेवायला दोन-तीन किलो वजनाइतका जोर पुरतो. १:३७ चा चढ आला की त्याच एका टनाला मागे खेचणारा जवळपास २७ किलोंचा ओढा त्यात मिळतो. काम एकदम दहा पटींनी वाढतं.

बाराशे टनांची लांब पल्ल्याची गाडी धरली तर चढावर तिला ३६ टनांच्या आसपास जोर लागतो, शिवाय इंजिनाला स्वतःचं वजन वर न्यायचं असतं ते वेगळंच. आजचं दमदार प्रवासी इंजिन गाडी हलवतानाच्या क्षणी फार तर ३३ टनांचा जोर लावू शकतं, आणि वेग घेतल्यावर तो जोर उतरत जातो. म्हणजे पुढचं एकटं इंजिन हिशेबातच बसत नाही. दुसरी अडचण पकडीची. इंजिनाच्या विजेच्या मोटारींमध्ये कितीही ताकद असली तरी चाकं रुळाला धरून राहिली तरच ती कामाची. पावसात रूळ ओले झाले, त्यावर पालापाचोळा चिरडला गेला, की चाकं जागच्या जागी फिरू लागतात. म्हणून इंजिनात वाळूच्या पेट्या असतात आणि चाकांच्या अगदी पुढ्यात रुळावर वाळू सोडता येते. पावसाळ्यात घाट चढताना चाकाखाली वाळू चिरडल्याचा करकर आवाज आला तर तो याचाच.

मग जादा इंजिनं पुढेच का जोडत नाहीत? कारण डब्यांना जोडणाऱ्या कपलिंगनाही सोसण्याची मर्यादा असते. सगळा ओढा पुढून लावला तर पहिल्या काही डब्यांच्या जोडावर मागच्या संपूर्ण गाडीचा भार येईल. निम्मा जोर मागून लावला की तो भार वाटला जातो. शिवाय, चढावर एखादा जोड तुटलाच तर मागचे डबे घरंगळत जाण्याआधी त्यांच्या पाठीशी बँकर उभे असतात. पुढचा आणि मागचा चालक यांच्यात पाऊण किलोमीटरपर्यंतचं अंतर पडू शकतं आणि मध्ये वळणं, बोगदे असतात. त्यामुळे शिट्टीच्या ठरलेल्या खुणा आणि वॉकीटॉकी यांवर दोघांनी ताळमेळ राखायचा असतो. पुढून शिट्टी झाली की मागून उत्तर येतं.

हे झालं चढण्याचं. मला मात्र वाटतं की हा घाट समजून घ्यायचा तर पुण्याहून मुंबईकडे येतानाची गाडी पाहावी. चढताना इंजिनाची ताकद कमी पडली तर गाडी फार तर थांबेल. उतरताना ब्रेक कमी पडले तर ती थांबणारच नाही. घाटातून गाड्या सुरू झाल्या त्या १८६३ पासून आजपर्यंत इथली जवळजवळ प्रत्येक व्यवस्था दुसऱ्या शक्यतेला धरून बांधली गेली आहे.

हजार टनांची गाडी ५५० मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते ती सुमारे दीड हजार युनिट वीज भरेल. मध्यमवर्गीय घराचं वर्षभराचं वीजबिल जवळपास तेवढ्या युनिटांचं असतं. ही सगळी ऊर्जा तास-दीड तासात कुठे तरी जिरवावी लागते, नाहीतर तिचा वेग होतो. ब्रेकचे ठोकळे चाकांवर किंवा चकत्यांवर घासून तिची उष्णता करायची, ही जुनी रीत. लोणावळ्याहून उतरताना खिडकीतून करपल्यासारखा वास येतो तो तापलेल्या ब्रेकचा. नव्या इंजिनांमध्ये मोटारी उतारावर उलट्या कामाला लागून वीज तयार करतात आणि ती वरच्या तारेत परत सोडतात. म्हणजे खाली उतरणारी गाडी वर चढणाऱ्या दुसऱ्या गाडीला थोडीफार मदत करत असते. तरीही ब्रेकवरची भिस्त सुटत नाही, आणि ब्रेक फार तापले तर त्यांची पकड ढिली होते. म्हणून वेग मुळातच वाढू द्यायचा नाही, हा इथला नियम. उतरणाऱ्या गाड्या ताशी तीस किलोमीटरच्या आसपास रेंगाळतात ते त्यासाठी.

वेगमर्यादा पाळली गेली नाही तर काय, याचंही उत्तर घाटात बांधून ठेवलेलं आहे. त्याला कॅच साइडिंग म्हणतात. मुख्य रुळाला एक फाटा फुटतो आणि तो डोंगराच्या बाजूला चढत जाऊन वाळूत संपतो. इथली खरी अक्कल काट्यात आहे. काटा नेहमी या फाट्याकडेच वळवलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने आधी थांबायचं, ब्रेक हाताशी आहेत हे सिद्ध करायचं, मग केबिनमधून काटा मुख्य रुळाकडे फिरतो आणि पुढचा सिग्नल मिळतो. थांबू न शकलेली गाडी आपोआप चढाच्या फाट्यावर जाते आणि वाळूत रुतते. मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी गाडी भर रानात का खोळंबली म्हणून माणसं कुरकुर करतात. खरं तर त्या दोन-चार मिनिटांत गाडीची परीक्षा चाललेली असते.

या परीक्षेची गरज कुठून आली, ते पाहायला घाटाच्या दगडापासून सुरुवात करावी लागते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर पसरले. त्यातले काही टणक, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजले आणि टणक थर कडे होऊन उभे राहिले. म्हणून सह्याद्री पुण्याच्या बाजूने पाहिला तर साधी टेकाडं वाटतो आणि कोकणातून पाहिला तर भिंत. हिमालयातल्या रेल्वेला दऱ्याखोऱ्यांतून नागमोडी वळत हळूहळू उंची गाठता येते. इथे सपाटीवरून एकदम कड्याला भिडायचं होतं.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, तेव्हाच कंपनीच्या मुख्य अभियंत्याला, जेम्स बर्कली यांना, या भिंतीची काळजी लागलेली होती. कापूस दख्खनच्या पठारावर पिकत होता आणि बंदर खाली मुंबईत होतं. घाट ओलांडल्याशिवाय या रेल्वेला अर्थ नव्हता. १८५६ मध्ये बोरघाटाचं काम सुरू झालं. त्याच वर्षी पळसदरीहून खोपोलीपर्यंत, म्हणजे घाटाच्या पायथ्यापर्यंत, रूळ पोचले. १८५८ मध्ये वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे हा मार्गही सुरू झाला. मधला घाट तेवढा उरला. त्यामुळे पुढची पाच वर्षं मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस खोपोलीला गाडीतून उतरायचा, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा दुसऱ्या गाडीत बसायचा. कर्जतहून सुटणारी खोपोली लोकल आजही त्याच जुन्या फाट्यावरून धावते.

मधले ते पंचवीस किलोमीटर बांधायला सात वर्षं लागली. डायनामाइट अजून आलेलं नव्हतं. काळ्या फत्तरात पहारीने हाताने भोकं पाडायची, त्यात साधी दारू ठासायची आणि बत्ती द्यायची. कड्यावर उभं राहायला जागा नसे तिथे माणसांना वरून दोराने खाली सोडत आणि ती लोंबकळत भोकं पाडत. १८६१ च्या सुमारास या कामावर ४२ हजारांपर्यंत मजूर होते. पावसाळ्यात काम थंडावे. कॉलरा आणि तापाच्या साथी मजुरांच्या तळांमध्ये शिरत आणि माणसं पटापट मरत. जी वाचत त्यातली बरीच पळून जात. पहिला कंत्राटदार फाविएल याच्या काळात मजुरी थकली, आणि जानेवारी १८५९ मध्ये मजुरांनी गोऱ्या मुकादमांवर हल्ला केला. त्याच वर्षी फाविएलने कंत्राट सोडलं. असल्या तंट्यांवर तोडगा म्हणून पुढच्याच वर्षी सरकारने मालक-मजूर वादाचा कायदा केला. भारतातल्या कामगार कायद्यांच्या इतिहासात बोरघाटाला जागा आहे ती यामुळे.

नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि मुंबईत पाय ठेवल्यावर काही आठवड्यांतच वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस मायदेशी परतली असती तर कोणी नाव ठेवलं नसतं. तिने कंत्राट स्वतःकडे घेतलं, जाणकार अभियंते नेमले आणि काम तडीस नेलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एका बाईने जगातल्या अवघड घाटरेल्वेंपैकी एकीचं कंत्राट सांभाळलं, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकात यायला हवी असं मला मनापासून वाटतं. बर्कली मात्र मार्ग सुरू झालेला पाहू शकले नाहीत. प्रकृती ढासळल्यामुळे ते इंग्लंडला गेले आणि ऑगस्ट १८६२ मध्ये तिथेच वारले. घाटातून गाड्या सुरू झाल्या १८६३ मध्ये.

कागदोपत्री ही नावं राहिली. दोराला लोंबकळलेल्यांची राहिली नाहीत. लोकांनी मात्र आपल्या पद्धतीने एक नाव जपलं आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. शिंग्रोबा नावाच्या धनगराने साहेबाला घाटातली वाट दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला मरण मिळालं, अशी कथा तिथे सांगतात. दप्तरात तिला पुरावा मागू नये. पण डोंगराची वाट आधी गुरं राखणाऱ्यालाच ठाऊक असणार, हे त्या कथेतलं म्हणणं खोटं नाही. कार्ल्याची आणि भाज्याची लेणी कोरली गेली तेव्हापासून, म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षं, कोकणातल्या बंदरांकडे जाणारे तांडे याच टापूतून घाट उतरत होते.

पहिल्या मार्गात एक अजब तडजोड होती. खंडाळ्याच्या अलीकडे डोंगराची धार इतकी अरुंद आहे की गाडीला वळण घ्यायला जागाच मिळेना. तेव्हा तिथे रिव्हर्सिंग स्टेशन बांधलं. गाडी चढत येऊन कड्याच्या टोकाशी थांबायची, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढू लागायची. कड्याच्या टोकावर थांबणारी गाडी म्हणजे पुन्हा ब्रेकचाच प्रश्न. ही कसरत साठ-पासष्ट वर्षं चालली. १९२९ मध्ये नवे बोगदे खोदून मार्ग सरळ केला तेव्हा ती संपली. एक्स्प्रेस वेवर पूर्वी जिथे अमृतांजन पूल होता (तो २०२० मध्ये पाडला) त्या परिसरात जुन्या रेल्वेमार्गाचं दगडी बांधकाम अजून दिसतं. मोटारीने जाणाऱ्यांनी ते मुद्दाम पाहावं.

त्याच सुमारास घाटात वीज आली. वाफेच्या इंजिनांना बोगद्यांत स्वतःचाच धूर कोंडायचा; विजेने तो जाच संपवला. मालगाड्यांसाठी आलेली पुढे-मागे लांब नाकाडं असलेली इंजिनं आपल्या माणसांनी 'खेकडा' म्हणून ओळखली. १ जून १९३० रोजी दख्खनची राणी सुरू झाली आणि मुंबई-पुणे या दोन शहरांचं नातंच बदललं. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतण्याची सोय झाली ती या गाडीमुळे, आणि गाडीला वेग मिळाला तो विजेमुळे.

आता खिडकीबाहेर. पळसदरी मागे पडली की चढ जाणवू लागतो. पुण्याकडे तोंड करून बसलात तर डावीकडे उल्हास नदीची दरी उघडत जाते आणि तिच्या पलीकडे राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले दिसतात. उजवीकडे खोपोलीची सपाटी खाली खाली जाते. खंडाळ्याच्या जवळ उजव्या हाताला नागफणीचं टोक वर काढलेल्या फण्यासारखं उभं असतं. बोगदे पंचवीसहून अधिक आहेत. घाटात तीन रूळमार्ग असल्याने आपली गाडी कुठल्या मार्गावर आहे त्याप्रमाणे मोजणी थोडी बदलते, म्हणून दोन भावंडांचे आकडे जुळले नाहीत तर कोणाला खोटं पाडू नये. बोगद्यात शिरताना भिंतीकडे नजर ठेवली तर दगडातले थर आडवे सरकताना दिसतात. कुठे दगड एकसंध काळा, तर कुठे तांबूस, भुसभुशीत. तांबूस थरापाशी पाणी झिरपताना दिसेल, कारण पाणी वरच्या भेगांतून उतरतं आणि अशा थराशी अडून बाहेर येतं.

पावसाळ्यात हेच पाणी धबधबे होऊन लोकांना घाटात खेचून आणतं आणि हेच पाणी रेल्वेची झोप उडवतं. खंडाळा-लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. १८६७ च्या जुलैत महूकी माळी इथला दगडी पूल कोसळला होता. २०१९ च्या पावसात मंकी हिल ते नागनाथ या टप्प्यात एका रुळाखालचा भरावच वाहून गेला आणि गाड्यांचं वेळापत्रक कित्येक महिने विस्कटलं. दरवर्षी पावसाआधी सैल झालेले दगड शोधून पाडतात, कड्यांवर लोखंडी जाळ्या ठोकतात, आणि बोगद्यांची तोंडं पुढे वाढवतात, म्हणजे दरड आली तरी ती छपरावर पडावी. रात्री, मुसळधार पावसात, हातात कंदील किंवा विजेरी घेऊन रुळावरून चालत गस्त घालणारी माणसं आजही आहेत. घाटात गाडीच्या उजेडात प्लॅस्टिकची खोळ पांघरलेला कोणी बाजूला उभा राहिलेला दिसला, तर तो आपल्या आधी तो रूळ पाहून आलेला असतो. मुलांना हे जरूर सांगावं.

२०२१ पासून डेक्कन एक्स्प्रेसला आणि दख्खनच्या राणीला काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबा लागतो. कुटुंबासाठी तो उत्तम आहे, भाडं मात्र जास्त आहे. साध्या डब्याची उघडी खिडकी मला तरी अजून जवळची वाटते, कारण वाळूची करकर आणि ब्रेकचा वास काचेआड पोचत नाही. मुंबईहून निघायचं तर जून ते सप्टेंबरमधली सकाळची गाडी धरावी. दख्खनची राणी संध्याकाळी सुटते, पण जून-जुलैत ती घाटात शिरेपर्यंत उजेड टिकलेला असतो. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी, उतारांवर सोनकी पिवळीधमक फुलते, तेव्हा ढगही हटलेले असतात आणि दरी तळापर्यंत दिसते.

या सगळ्या व्यवस्थेला वळसा घालणारी एक गाडीही आता घाटात आली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत बँकर न लावताच बोरघाट चढते. तिला वेगळं इंजिन नाही. निम्म्या डब्यांच्या चाकांनाच मोटारी बसवल्या आहेत, त्यामुळे रुळाला धरणारी चाकं गाडीभर पसरलेली असतात आणि कपलिंगवर ओढ्याचा ताणही फारसा येत नाही. तिला कर्जतला बँकरसाठी खोळंबावं लागत नाही, म्हणजे वड्यासाठी उतरायलाही फुरसत नाही. बाकीच्या गाड्यांचे बँकर लोणावळ्यात सुटतात आणि पुढच्या गाडीला टेकू द्यायला पुन्हा घाट उतरून कर्जतच्या वाटेला लागतात.